तुपाच्या वाटीची जागा

मराठी पंगतीत 'नको' म्हणण्याच्या रीती ठरलेल्या आहेत. पोळी नको असेल तर पानावर हात आडवा धरावा, भात नको असेल तर 'अर्धीच मूद' म्हणावे, गोड नको असेल तर डॉक्टरांचे नाव पुढे करावे. वाढणारा हात हे नकार कधी हसून स्वीकारतो, कधी हसून धुडकावतो. पण ते त्याच्या मनाला लागत नाहीत. तुपाची गोष्ट वेगळी. वरणभातावर तुपाची धार धरण्यात वाढण्यापेक्षा आशीर्वादाचा भाग अधिक असतो. म्हणून तुपाला 'नको' म्हटले की वाढणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी काळजी उमटते, आणि कारण कळले की तिच्या जागी थोडा अपमान येतो.

सर्व प्राणिज पदार्थ सोडलेल्या माणसाची मराठी घरातली खरी अडचण ही आहे. मांस सोडल्याने सहसा कुणी दुखावत नाही. ज्या घरांत ते आवडीने शिजते तिथेही सोमवार, गुरुवार आणि श्रावण यांची सवय असतेच. दूध, दही, ताक, तूप सोडले की मात्र माणूस एकाच वेळी आजारपणातल्या मऊ भाताबाहेर, सणाच्या पानाबाहेर आणि सकाळच्या चहाबाहेर जाऊन पडतो. इंग्लंडात 1944 साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'व्हीगन' हा शब्द घडवला, तो अशाच मंडळींसाठी. मराठीत तो जसाच्या तसा आला, कारण आपल्या 'शाकाहारी' या शब्दात दूध इतके मुरलेले आहे की त्यातून ते वेगळे काढता येत नाही.

ही मंडळी मग घरी प्रयोग करू लागतात. शेंगदाण्याचे दही लागते, काजूचे श्रीखंड होते, नारळाच्या दुधाचा खरवस थापला जातो. जिवाला बरे वाटणारे, लहानपणापासून तोंडात बसलेले जे काही आहे ते दुधावाचून पुन्हा मिळवण्याची ही धडपड. तिच्याविषयी आजवर आमच्या कानांवर दोनच अभिप्राय आले आहेत. पहिला कौतुकाचा: 'अगदी खऱ्यासारखे लागते हो!' दुसरा तुच्छतेचा: 'छे, त्याची सर नाही.' आमचे म्हणणे असे की हे दोन्ही अभिप्राय एकाच चुकीच्या मापाने दिलेले आहेत. पदार्थ 'तसाच' लागतो का, हा प्रश्न विचारला की घरगुती व्हीगन पदार्थ बहुधा हरणार, आणि क्वचित जिंकला तरी त्या जिंकण्यात फारसे काही हाती लागणार नाही. विचारायला हवे ते असे: मूळ पदार्थ आपल्या पानात, आपल्या घरात जे काम करत होता, ते काम या नव्या पदार्थाने केले का?

'तसेच लागण्या'चा ध्यास कुठे नेतो हे मराठी घरांनी फार पूर्वी पाहिलेले आहे. 1937 पासून आपल्याकडे डालडा विकला जाऊ लागला. पिवळ्या डब्यावरचे ते ताडाचे झाड दोन-तीन पिढ्यांच्या फडताळांत उभे होते. वनस्पती तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करायचे आणि ते तुपासारखे रवाळ दिसेल याची काळजी घ्यायची, असा तो कारखानी उद्योग. खरे तर मराठी घरात शिरलेले पहिले व्हीगन तूप हेच. फक्त ते कुणी दयेपोटी घेतले नाही, साजूक तूप परवडत नाही म्हणून घेतले. त्याचे रूप इतके जमले होते की साजूक तुपात त्याची भेसळ ओळखता यावी यासाठी वनस्पती तुपात 5 टक्के तिळाचे तेल घालण्याची सक्ती करावी लागली; त्याला रंग घालावा की नाही यावरही स्वातंत्र्यानंतरच्या काळात बराच वाद झाला. रूप जमले, रवाळपणा जमला, आणि पोटात गेले ते ट्रान्स फॅट. त्या घातक स्निग्धांशावर आपल्याकडे 2 टक्क्यांची मर्यादा लागू व्हायला जानेवारी 2022 उजाडावा लागला. एवढे सारे होऊन डालड्याला 'तूप' म्हणून मनापासून कुणी मानले नाही ते नाहीच. सणाच्या दिवशी नैवेद्यावर वाढायला साजूक तुपाची छोटी वाटी वेगळी ठेवलेली असायची. रूपाची हुबेहूब नक्कल करूनही जी जागा मिळत नाही ती कोणती, हे त्या छोट्या वाटीने सांगितले आहे.

आता 'काम' म्हणजे काय ते पाहू. कढीचे उदाहरण घेऊ, कारण तिच्यात प्रयोग सर्वांत सुखाने पार पडतो. कढीत ताक आंबटपणा देते आणि थोडा स्निग्धपणा देते. दाटपणा मुख्यतः बेसनाचा, वास फोडणीचा, आणि घशाला मिळणारी ऊब आल्याची. म्हणजे कढीचे निम्म्याहून अधिक काम आधीच ताकाखेरीज इतर मंडळी करत असतात. वाटीभर कच्चे शेंगदाणे सहा-सात तास भिजवावेत, साले काढून तीन वाट्या पाण्याबरोबर बारीक वाटावेत, पंचातून गाळावेत आणि ते दूध ढवळत मंद आचेवर उकळून कोमट करावे. विरजणाला आधीचे असेच दही असेल तर उत्तम. नसेल तर हिरव्या मिरच्यांची देठे घालण्याची जुनी युक्ती आहे, देठांवरचे जिवाणू तेच काम करतात. दही लागते, पण सैल. दुधातल्या केसीनची वीण शेंगदाण्याच्या प्रथिनांना साधत नाही. दहीभाताला म्हणून ते तोकडे पडते. पण घुसळून त्याचे ताक केले, बेसन लावले, जिरे, हिंग, मेथीचे चार दाणे आणि कढीपत्ता यांची फोडणी दिली आणि उतरवताना दोन आमसुले टाकली की पावसाळी दुपारी भातावर ओतून खाण्यासारखी कढी होते. तिला शेंगदाण्याची किंचित चव असते. ती लपवण्याचा खटाटोप करू नये. दाण्याच्या कुटावर पोसलेल्या प्रदेशाने शेंगदाण्याची चव दोष म्हणून का मानावी?

शिवाय कढीसाठी दही आवश्यक नाही हे मराठी भाषेने केव्हाच मान्य केलेले आहे. सोलकढीत दह्याचा थेंबही नसतो. नारळाचा रस आणि आमसूल एवढ्या बळावर ती 'कढी' म्हणवून घेते आणि तिच्या कढीपणाविषयी कुणी पुरावा मागत नाही. कोकणाने दूधदुभत्याची जागा नारळाला कधीची देऊन टाकली आहे: घावनाबरोबर रस, रसात बुडवलेले शिरवाळे, गुळाच्या चुनाने भरलेल्या, हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्या. यांतले काहीही कुणाच्या बदल्यात म्हणून आलेले नाही. घाटावर आणि पूर्वेकडेही असे दाखले आहेत. विदर्भातला गोळाभात पानात पडतो तेव्हा त्यावर मोहरी-हिंग-लाल मिरचीची फोडणी दिलेले गरम तेल ओततात. खानदेशात खिचडीवर तेल घेण्याची रीत आहे. पुरणपोळीशेजारी दुधाऐवजी गुळवणी पश्चिम महाराष्ट्राच्या अनेक घरांत वाढली जाते, आणि गुळवणी मुळात गूळ, पाणी, वेलची, जायफळ एवढ्यावर होते. तुपाची धार ही महाराष्ट्राची एकमेव धार कधीच नव्हती. वरणभातावर तेलाची धार धरायची तर ती घाण्याच्या शेंगदाणा तेलाची धरावी. किंवा खोबरेल तेल मंद आचेवर तापवून, लोणी कढवताना शेवटी टाकतात तसे त्यात विड्याचे पान टाकावे आणि ते तेल वाटीत घालून पंगतीत फिरवावे. साजूक तुपाचा वास त्याला येणार नाही. पण भाताचा दाणा न् दाणा वेगळा मऊ करणे, हळद-हिंगाचा स्वाद जिभेवर पसरवणे आणि वाढणाऱ्याच्या हाताला वरून काही ओतायला देणे ही तिन्ही कामे ते करते. तिसरे काम आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते. ज्याने तूप सोडले त्याच्या पानावर वाढणाऱ्याचा हात रिकामा थांबू नये, एवढ्यासाठीच आम्ही या साऱ्या खटपटीच्या बाजूने आहोत.

येथे एक आक्षेप हमखास येतो. जे चुकीचे मानून सोडले त्याचीच नक्कल का करावी? मांस सोडलेल्याने मांसासारखे काही खाऊ नये, दूध सोडलेल्याने दह्याची आस धरू नये. आस उरली असेल तर त्याग कच्चा आहे. आक्षेप ऐकायला धारदार आहे, पण तो आपल्याच स्वयंपाकघराला लावून पाहावा. कोकणातल्या मासे खाणाऱ्या घरांत सोमवारी आणि श्रावणात निरफणसाचे, सुरणाचे काप मसाला लावून, रव्यात घोळवून तव्यावर परततात ते कशाच्या आठवणीने? मालवणी वड्यांबरोबर काळ्या वाटाण्याचे सांबार कुणाच्या जागी येऊन बसते? पाटवडीचा रस्सा तसा झणझणीत का करतात? बेसनाच्या धिरड्याला टोमॅटो-कांदा घालून आपण बिनदिक्कत 'टोमॅटो ऑम्लेट' म्हणतो, त्यात अंडे कुठे असते? उपवासाच्या दिवशी तर हा प्रकार थेट धर्माच्या आशीर्वादाने चालतो. ज्या दिवशी भात वर्ज्य त्या दिवशी आपण वऱ्याचे 'तांदूळ' खातो. ज्या खिचडीत तांदूळही नाही आणि डाळही नाही तिला 'खिचडी' म्हणतो. आणि तो साबुदाणा मुळात ताडाच्या जातीच्या झाडाच्या गाभ्यापासून व्हायचा. आपण खातो तो दक्षिण अमेरिकेतून आलेल्या टॅपिओकाच्या कंदाचा, आणि तो उद्योग दुसऱ्या महायुद्धात आयात थांबल्यावर तामिळनाडूत सेलमच्या परिसरात फोफावला. म्हणजे उपवासाचा आपला सर्वांत लाडका पदार्थ नक्कलेची नक्कल आहे, आणि एकादशीला त्याने कुणाचे पुण्य कमी झाल्याचे ऐकिवात नाही. सोडलेल्या गोष्टीची आठवण राहणे हा व्रतातला खोट नव्हे. व्रत माणसाने घ्यायचे असते. जीभ मात्र ज्या घरात वाढली तिथलीच राहते.

व्रताचा विषय निघालाच आहे तर गांधीजींचे उदाहरण टाळता येत नाही. 1912 साली दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध सोडले. गाई-म्हशींचे अधिक दूध काढण्यासाठी होणाऱ्या क्रौर्याचा त्यांच्या मनावर झालेला परिणाम हे त्यामागचे एक कारण होते. पुढे मोठ्या दुखण्यात प्रकृती खालावली, डॉक्टरांचा आग्रह झाला, आणि 1919 च्या आरंभी कस्तुरबांच्या सूचनेवरून ते शेळीच्या दुधावर आले. व्रत घेताना डोळ्यांसमोर गाय आणि म्हैसच होती, असा त्यांचा युक्तिवाद. मात्र व्रताचे अक्षर राखले आणि आशय गमावला, ही खंत त्यांनी आत्मकथेत लपवून ठेवलेली नाही. दुधाला वनस्पतिजन्य पर्याय कुणी जाणकाराने सुचवावा असेही त्यांनी तेथे लिहिले, आणि 1935 च्या सुमारास वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीनचे प्रयोग करून पाहिले. आमच्या विषयाला यातून उपयोगी पडते ते एवढेच की अक्षर राखून आशय गमावता येतो, तसे अक्षर सोडून आशय राखताही येतो. डालडा पहिल्या प्रकारचा. आमसूल घातलेली दाण्याची कढी दुसऱ्या.

खरवसाच्या बाबतीत ही निवड फार स्पष्टपणे समोर येते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. व्यालेल्या गाई-म्हशीचे पहिल्या दोन-तीन दिवसांचे दूध म्हणजे चीक. त्यात प्रथिने इतकी असतात की नुसत्या वाफेवर तो थिजतो, बाहेरचे काही घालावे लागत नाही. हीच प्रथिने नवजात वासराला रोगांपासून वाचवण्यासाठी असतात. वासराच्या वाट्याचे म्हणावे असे दूध कोणते, तर हे. नारळाच्या दुधात चायना ग्रास, गूळ, वेलची घालून त्याची नक्कल करता येते. ती दिसते बरी. पण चायना ग्रासची वडी दाताखाली कचकन तुटते, खरवसाची सच्छिद्र मऊ लवचीकता तिच्यात येत नाही. शहरांत 'खरवस' म्हणून जे विकत मिळते त्यातही पुष्कळदा साधे दूध, दुधाची पावडर आणि चायना ग्रास हाच मामला असतो, तेव्हा या नकलेला नक्कल म्हणून हिणवण्याचा अधिकार फार थोड्यांना उरला आहे. तरीही ती आम्हांला पटत नाही. कारण मराठीत 'चीक' हा शब्द आणखी एका गोष्टीला आहे. उन्हाळ्यात कुरडयांसाठी गहू तीन दिवस, रोज पाणी बदलत, भिजवतात. वाटून, पिळून, निवळून खाली जे पांढरे सत्त्व बसते तो गव्हाचा चीक. पातेल्यात तो शिजून चकचकीत झाला की सोऱ्यात भरण्याआधी घरातली मुले वाट्या घेऊन रांग लावतात. गूळ आणि नारळाचे दूध घालून तो गरमागरम खावा. भाषेने गाईच्या चिकाला आणि गव्हाच्या चिकाला एकच नाव दिले आहे. जुन्या बोलण्यात रुईलाही चीक असतो आणि कणसाच्या कोवळ्या दाण्यातही 'दूध' भरते. खरवस खाणे ज्याला नकोसे झाले त्याने खोटा खरवस थापण्यापेक्षा या दुसऱ्या चिकाकडे जावे. तो कुणाची जागा चोरत नाही, आणि वर्षातून एकदाच मिळणाऱ्या वस्तूची ओढही त्याला आहे.

यावरून नावांचा प्रश्न. युरोपीय न्यायालयाने 2017 साली एका जर्मन कंपनीच्या खटल्यात निकाल दिला की वनस्पतिजन्य मालावर 'दूध', 'लोणी', 'चीज' ही नावे घालता येणार नाहीत. नारळाच्या दुधासारखे रूढ अपवाद तेवढे राहतील. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही 2021 मध्ये साधारण असाच पवित्रा घेतला, आणि 2022 मध्ये व्हीगन पदार्थांसाठी वेगळी नियमावली आली. बाजारापुरते हे ठीक आहे. पैसे देणाऱ्याला पिशवीत काय आहे ते कळलेच पाहिजे. पण घराला असा कायदा नसतो. घरात नाव हे पदार्थाच्या घटकांवरून पडत नाही, तो पानात कुठे बसतो यावरून पडते. सोलकढी 'कढी' आहे कारण ती भाताबरोबर येते. आमचा संकेत म्हणूनच साधा आहे: जागा तीच असेल तर नाव तेच राहू द्यावे, आणि जागा मिळवता आली नसेल तर नावाची उसनवारी करू नये. दाण्याची कढी ही कढीच. काजू वाटून, लिंबू पिळून केलेले 'श्रीखंड' मात्र दुसरेच काही असते; चक्क्याचा आंबटपणा मुरत गेलेला असतो, लिंबाचा वरून येतो, आणि चमचाभर खाल्ल्यावर फरक कळतो. त्याला काजूचे गोड म्हणावे आणि आनंदाने खावे.

चहाचा पराभवही मोकळेपणाने मान्य करावा. घरी केलेले ओटचे दूध उकळले की खळीसारखे घट्ट होते. बदामाचे आणि सोयाचे दूध चहाच्या आम्लतेने आणि उष्णतेने फाटते. चहा खाली उतरवून, वेगळे गरम केलेले काजूचे दूध शेवटी घातले तर निभते, पण ज्याला दुधाच्या चहाची तलफ आहे त्याची ती त्याने भागत नाही. त्यापेक्षा आले आणि गवती चहा घातलेला कोरा चहा बरा. आणि कोऱ्या चहाचे नाव निघाले की या विषयातली एक अवघड बाजू समोर येते. आज शहरी उपाहारगृहांत आवडीने मागवला जाणारा हा कोरा चहा कित्येक घरांत पाहुण्यापुढे ओशाळून ठेवला जात असे, कारण त्या दिवशी घरात दूध नसे. 'आवडीचे जुने पदार्थ' असे आपण म्हणतो तेव्हा ती आवड कुणाची? तुपाची धार ज्यांच्या आठवणीत आहे त्यांची. महाराष्ट्रात असंख्य घरे अशी होती, आणि आहेत, जिथे भाकरी, ठेचा, अंबाडीची भाजी आणि झुणका एवढ्यावर दिवस निघत. ते जेवण आजच्या व्याख्येने व्हीगन ठरेल, पण ते कुणी निवडलेले नव्हते. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (2015) या पुस्तकाने मराठवाड्यातील महार-मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद करून आपल्या 'पूर्णब्रह्मा'त कुणाकुणाचे अन्न मोजलेच गेले नव्हते हे दाखवून दिले. व्हीगन मंडळींनी हे विसरू नये. आपल्या समाजात आहाराची शुद्धता माणसे दूर ठेवण्यासाठी वापरली गेली आहे, आणि 'आम्ही दूधसुद्धा घेत नाही' हे वाक्य जुन्या सोवळ्याची नवी आवृत्ती व्हायला फार वेळ लागत नाही. ज्याच्या ताटात मांस आहे त्याच्या शेजारी बसून आपली दाण्याची कढी सुखाने खाता येत नसेल, तर त्या कढीला आम्ही आमची शिफारस मागे घेतो.

दुसरी अवघड बाजू गोठ्याची. जगात सर्वाधिक दूध 1998 पासून भारतात होते. 2023-24 मध्ये ते जवळपास 24 कोटी टनांवर गेले. यामागे फार थोर सहकारी कर्तृत्व आहे, आणि या आकड्याखाली नर वासरू व रेडकू यांचा न विचारलेला हिशेबही आहे. ट्रॅक्टर आल्यावर बैलाचे काम घटले, महाराष्ट्रात 2015 च्या कायद्याने बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी झाली, आणि दूध न देणाऱ्या जनावराला पोसायचे कुणी या प्रश्नाचे उत्तर शेतकऱ्यावर सोडून दिले गेले. दुसरीकडे हेही खरे की कोरडवाहू शेतकऱ्याला पीक वर्षातून एकदा पैसे देते आणि दूध संघाचे बिल दहा दिवसांनी येते. 2018 आणि 2020 मध्ये दराच्या प्रश्नावर दूध रस्त्यावर ओतले गेले ते ओतणाऱ्याला आनंद होत होता म्हणून नव्हे. दूध सोडणाऱ्याने या माणसाला खलनायक करू नये. उलट आपल्या पर्यायाचा पैसा कुठे जातो हे पाहावे. कॅलिफोर्नियातल्या बदामाचे पाकीटबंद दूध महाग किमतीत घेण्यापेक्षा घरी भुईमूग भिजवणे स्वस्त पडते आणि जवळचेही. लातूर-अकोल्याकडे सोयाबीन अफाट पिकते, त्याचे तेल निघते आणि पेंड कोंबड्यांना जाते. त्याचे दूध आणि पनीर आपल्या स्वयंपाकघरात अजून परकेच आहे. घरगुती व्हीगन पदार्थांनी हा परकेपणा थोडा कमी केला तर ती जमेची बाजू ठरेल.

एक व्यवहाराची गोष्टही सांगून टाकावी. शेंगदाण्याचे दही दह्याची चव भागवते, दह्याचे पोषण सगळे देत नाही. बी-12 हे जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. त्यासाठी गोळी किंवा ते मुद्दाम घातलेले अन्न घ्यावेच लागते. कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ आपल्याकडे आहेत, आणि नाचणीचे सत्त्व तर तान्ह्यापासून आजाऱ्यापर्यंत सर्वांना चालते. 'आमचे पूर्वज असेच राहत' वगैरे सांगून ही बाब झाकू नये. ज्याला प्राण्यांविषयी कळवळा आहे त्याने स्वतःच्या रक्ताची तपासणी टाळण्यात कसली अहिंसा आहे?

शेवटी हा प्रश्न एकट्याच्या जिभेचा राहत नाही. ज्या घरात एकाने दूध सोडले आहे त्या घराने काय करावे, हा तो प्रश्न आहे. एक मार्ग असा की त्याचे वेगळे शिजवावे, वेगळे झाकून ठेवावे, आणि जेवताना 'हे तुझे' म्हणून पुढे सरकवावे. यात हेतू चांगला असतो, पण ते ताट एकटे पडते. दुसरा मार्ग असा की आठवड्यातून चार दिवस तरी कढी, आमटी, खिचडी सर्वांसाठी अशी करावी की त्याला काही विचारावे लागू नये, आणि ज्याला तूप हवे त्याने ते वरून घ्यावे. आपल्या स्वयंपाकात हे अवघड नाही, कारण दूध आणि तूप आपण पुष्कळदा शेवटी, पानातच घालतो. 'खऱ्यासारखे लागते का' हा प्रश्न मग उरत नाही. सगळ्यांनी तेच खाल्लेले असते, आणि घरातल्या सगळ्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलेली कढी खरी की खोटी याची चर्चा जेवणानंतर कुणी करत नाही.